पीएसए एक सांगतो, पेशंट दुसरंच: पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या आडवळणी केसेस

पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर बहुतेक वेळा ठरलेल्या वाटेनंच जातो. सत्तरीचे काकाजी, धरलेली कंबर, पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात त्या प्रथिनाचा आकडा) दोनशे-पाचशे, हाडांच्या स्कॅनवर मणक्यात आणि कमरेच्या हाडांत डाग. टेस्टोस्टेरॉन बंद करणारं इंजेक्शन किंवा अंडकोष काढण्याचं छोटं ऑपरेशन, सोबत गोळ्या. दोन-तीन महिन्यांत पीएसए खाली येतो आणि काकाजी पुन्हा शेताच्या धुऱ्यावर उभे दिसतात. पुरुषी हार्मोन तोडलं की हा कॅन्सर आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये शिकागोत दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं, आणि आजही उपचाराचा पाया तोच आहे.

हा लेख उरलेल्यांसाठी आहे. पीएसए ६ आणि यकृतात गाठी. किंवा पीएसए पडतोय, पण माणूस महिन्याला पाच किलोनं उतरतोय. किंवा हाडं पांढरीशुभ्र दिसतायत आणि तुकड्यात, म्हणजे बायोप्सीत, कॅन्सर सापडतच नाही.

मी नागपुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ, शिवाय सीमेपलीकडचे बालाघाट-छिंदवाडा इथून आलेले तुकडे माझ्या मायक्रोस्कोपखाली येतात. अडकलेल्या बहुतेक केसेसमध्ये एक गोष्ट सारखी असते. सगळ्यांचं लक्ष पीएसएच्या आकड्यावर आणि माणूस काय सांगतोय तिकडे कोणाचंच नाही. आकडा आणि माणूस जुळत नसतील तर माणसावर विश्वास ठेवायचा आणि तुकडा पुन्हा मागायचा, एवढंच माझं म्हणणं. ते कोणत्या क्रमानं करायचं ते खाली लिहितोय. फाईल घेऊन फिरणाऱ्या मुलासाठी-जावयासाठी, आणि तालुक्याच्या फॅमिली डॉक्टरांसाठीही.

निदान नंतर, आधी हे बघा

काही गोष्टींत निदानाची वाट बघायची नसते.

पाय जड पडणं, चालताना लटपटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं, संडासवरचा ताबा जाणं. याचा अर्थ मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबतेय असा धरायचा. त्याआधी काही आठवडे पाठ दुखत असते, आडवं झाल्यावर जास्त, खोकल्यावर जास्त. शेतातल्या माणसाची पाठ कोण मनावर घेतो? पण प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या माणसाची नवी पाठदुखी म्हणजे कॅन्सर, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. त्याच दिवशी संपूर्ण मणक्याचा एमआरआय, डेक्सामेथासोन सुरू, आणि रेडिएशन की ऑपरेशन याचा निर्णय २४ तासांच्या आत. चालत आलेला पेशंट बहुधा चालत घरी जातो. पाय पूर्ण गेल्यावर आणलेला क्वचितच पुन्हा उभा राहतो. म्हणून गडचिरोलीहून निघताना 'सकाळी बघू' म्हणायचं नाही.

इथे एक औषधी सापळा आहे. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शनं पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन आधी वाढवतात आणि मग पाडतात. मणका दबलेला असताना किंवा लघवीचा मार्ग बंद व्हायला आलेला असताना ही वाढ महागात पडते. अशा वेळी ही वाढ न करणारं डेगारेलिक्स किंवा थेट अंडकोष काढण्याचं ऑपरेशन बरं. वरच्या तिघांपैकीच इंजेक्शन द्यायचं असेल, तर त्याच्या आधीपासून बायकॅलुटामाइड या हार्मोनचा परिणाम अडवणाऱ्या गोळीचं कवच हवं.

दुसरं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा. दोन्ही किडन्यांच्या नळ्या खालून दाबल्या गेल्या की माणूस सुस्तावतो, मळमळतो, लघवी कमी होते. सोनोग्राफीत किडन्या फुगलेल्या दिसतात. आधी स्टेंट किंवा पाठीतून नळी, मग बाकीचं.

तिसरं, कॅल्शियम आणि सोडियम. वयस्कर माणूस अचानक बरळायला लागला की घरचे 'डोक्यात गेलं' म्हणतात. पुष्कळदा वाढलेलं कॅल्शियम किंवा घसरलेलं सोडियम निघतं, आणि ते दुरुस्त होतं. नेहमीच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये कॅल्शियम वाढत नाही, उलट कमीकडे झुकतं. त्यामुळे वाढलेलं कॅल्शियम हा आडवळणाचा पहिला इशारा समजा.

चौथं, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, लघवीच्या नळीच्या पिशवीत न थांबणारं लाल. हा कॅन्सर काही वेळा रक्त गोठण्याची अख्खी यंत्रणा बिघडवतो. प्लेटलेट, पीटी, फायब्रिनोजेन आणि डी-डायमर त्याच दिवशी हवेत.

फाईल तारखेनं लावा

रुग्णालयाच्या पिवळ्या-निळ्या कागदांचा गठ्ठा कोणताही डॉक्टर पाच मिनिटांत वाचू शकत नाही. एका कोऱ्या पानावर रकाने आखा: तारीख, पीएसए, टेस्टोस्टेरॉन, हिमोग्लोबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, एलडीएच, क्रिएटिनिन, वजन. बाजूला कोणतं औषध कधी सुरू झालं, कधी बंद झालं. हा कागद नीट असेल तर अर्धं निदान तिथेच होतं.

मग विचारायचं की पीएसएचा हा आकडा खरा आहे का?

लघवीला जंतुसंसर्ग, लघवी अडणं, नुकतीच घातलेली नळी, यांनी पीएसए वाढतो. चार ते सहा आठवडे थांबून पुन्हा करावा. उलट बाजूनं, प्रोस्टेट वाढल्याच्या गोळ्यांत टॅम्सुलोसिनसोबत बरेचदा ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड मिसळलेलं असतं. सहा महिने घेतलं की पीएसए साधारण निम्मा दिसतो. घरच्यांना ती 'लघवीची गोळी' एवढीच माहीत असते, म्हणून पाकीट घेऊन जा. पीएसए ४ दिसत असेल तर तो ८ धरायचा.

कधी पीएसए इतका प्रचंड असतो की मशीनच गोंधळतं आणि कमी आकडा छापतं. हाडं भरलेली आणि पीएसए अगदी साधा, असं दिसलं तर लॅबला नमुना पातळ करून पुन्हा लावायला सांगा. चांगल्या लॅबला हे नवीन नाही. केस-नखांसाठी कोणी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल तर काही मशीनवर त्यानंही आकडा खाली दिसतो. आणि लॅब बदलू नका. एकदा धंतोलीत, एकदा तालुक्याला, एकदा घरपोच कलेक्शनवाल्याकडे, असं केलं की चढ-उताराला अर्थ राहत नाही.

टेस्टोस्टेरॉनचा रकाना बहुतेक फायलींत रिकामा असतो, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. 'हार्मोनचं औषध चालेना' म्हणून महागडी गोळी सुरू होते आणि टेस्टोस्टेरॉन कोणी मोजलेलंच नसतं. ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तरच रोग हार्मोनला जुमानत नाही असं म्हणता येतं. वर असेल तर आधी इंजेक्शनची चौकशी करा. तारीख चुकली? तीन महिन्यांचं म्हणून महिन्याचं दिलं? गोसेरेलिन २५ अंशांच्या आत ठेवायचं असतं. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस गाठतो तेव्हा ते रामदासपेठेतल्या दुकानातून डिकीत टाकून दोनशे किलोमीटर नेलं असेल तर काय उरलं असेल, सांगता येत नाही. बर्फाच्या पाकिटांसह डबा मागून घ्या.

हा पसरलेला कॅन्सरच आहे का?

विदर्भात हा प्रश्न पुस्तकात असतो त्यापेक्षा जास्त गांभीर्यानं विचारावा लागतो, कारण हाडं पांढरी करणारे, हाडं खाणारे आणि गाठी आणणारे दुसरे रोग इथे घरचेच आहेत.

फ्लोरोसिस घ्या. चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी प्यायलेल्या माणसाचा मणका आणि कमरेची हाडं एक्स-रेवर खडूसारखी दिसतात. हाडांच्या स्कॅनवर सगळीकडेच औषध ओढलं जातं, अल्कलाइन फॉस्फेटेजही वाढलेलं असू शकतं. पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही अगदी असाच दिसू शकतो. फरक शोधायला महागडी तपासणी लागत नाही. कोपराखालच्या हाताचा साधा एक्स-रे काढा. दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साचलेला दिसला तर फ्लोरोसिसचा संशय पक्का. दातांवरचे तपकिरी पट्टे बघा, गावात आणखी कोणाची पाठ लाकडासारखी ताठ झाली आहे का विचारा. एकाच माणसात दोन्ही असू शकतं, म्हणून पीएसए आणि तुकडा टळत नाहीत.

टीबी दुसरा. मणक्याचा टीबी आणि मणक्यातला कॅन्सर एमआरआयवर वेगळे ओळखण्याची एक जुनी खूण आहे: टीबी दोन मणक्यांमधली गादी खातो, कॅन्सर बहुधा गादी सोडून हाड खातो. बाजूला पू साचलेला असेल तर टीबीकडे पारडं झुकतं. प्रोस्टेटलाही टीबी होतो. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजीचं औषध आत सोडलेलं असेल तर प्रोस्टेटमध्ये टीबीसारख्याच गाठी बनतात, पीएसए वाढतो आणि एमआरआयवर थेट कॅन्सर वाटतो.

उलटी चूकही तितकीच होते. मानेच्या डाव्या बाजूला, हसळीच्या वर गाठ आली की आपल्याकडे टीबीची औषधं लवकर सुरू होतात. प्रोस्टेट कॅन्सर तिथपर्यंत चढतो. साठीपुढच्या पुरुषात तिथे गाठ असेल तर सुईनं पेशी काढताना पीएसएही करून घ्यावा.

म्हणून तुकडा काढणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती करा: दोन बाटल्या. एक फॉर्मेलिनची, माझ्यासारख्यासाठी. दुसरी साध्या सलाईनची, टीबीच्या सीबीनॅट आणि कल्चरसाठी. फॉर्मेलिनमध्ये बुडालेल्या तुकड्यावर कल्चर होत नाही, जंतू मेलेले असतात. सगळा तुकडा एकाच बाटलीत टाकून झाल्यावर 'टीबीपण बघा ना' असा फोन येतो, तेव्हा फार काही हातात उरत नाही.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग विदर्भात बराच आढळतो. त्यात हाडांचे तुकडे रक्ताअभावी मरतात आणि स्कॅनवर डाग दिसतात. खुब्याचा गोळा झिजलेला असणं ही ओळखीची खूण. तपासणी स्वस्त आहे, करून घ्या. शेवटचा मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतला कॅन्सर. हाडांना भोकं, हिमोग्लोबिन कमी, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम जास्त, आणि पीएसए साधा किंवा किंचित वाढलेला. सत्तरीच्या माणसाचा किंचित वाढलेला पीएसए बघून हाडांची भोकं प्रोस्टेटच्या नावावर खपवली जातात. रक्ताची प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस केली की कळतं.

रोग आडवा चालतोय हे कशावरून

कॅन्सर नक्की आहे, प्रोस्टेटचाच आहे, तरी वागणं नेहमीचं नाही. खालीलपैकी एक जरी दिसलं तरी थांबून विचार करावा.

- हाडं सोडून फक्त यकृतात किंवा फुप्फुसात गाठी
- हाडं पांढरी होण्याऐवजी पोखरलेली
- पोटात किंवा ओटीपोटात ५ सेंटिमीटरहून मोठ्या गाठी
- हाडांत वीसेक ठिकाणी डाग, पण सुरुवातीचा पीएसए १० किंवा कमी
- एलडीएच किंवा सीईए (दोन्ही रक्ततपासण्या) सामान्य मर्यादेच्या दुपटीच्या वर, दुसरं कारण नसताना
- हार्मोनचा उपचार सुरू करून सहा महिन्यांच्या आत रोग पुन्हा वाढणं
- तुकड्यात स्मॉल सेल, म्हणजे लहान पेशींचा वेगानं वाढणारा प्रकार

कॅन्सरचे डॉक्टर याला आक्रमक प्रकार म्हणतात. क्रोमोग्रॅनिन ए हीदेखील एक रक्ततपासणी आहे, पण ती पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी आणि किडनी बिघडल्यानंही वाढते. आणि आपल्याकडे पॅन्टोप्राझोल न घेणारा पेशंट शोधून दाखवा! ती गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोनेक आठवडे थांबवून मगच हा आकडा मनावर घ्यावा.

काही आडवळणं चेहऱ्यावर दिसतात. खालचा ओठ आणि हनुवटी एका बाजूनं बधिर होणं, एकाचे दोन दिसणं, जीभ एका बाजूला वळणं: कवटीच्या तळाशी किंवा जबड्याच्या हाडात रोग पोचल्याच्या या खुणा. दातांच्या डॉक्टरकडे दोन दाढा काढून झाल्यावर हे लोक येतात. कवटीच्या आतल्या आवरणात रोग पसरला तर सीटीवर तो रक्त साचल्यासारखा दिसून फसवतो. आणि प्रोस्टेटमधून गुदाशयात घुसलेली गाठ हुबेहूब गुदाशयाच्या कॅन्सरसारखी दिसते. पोटावर पिशवी बसवण्याचं ऑपरेशन ठरवण्याआधी त्या तुकड्यावर प्रोस्टेटच्या खुणांची तपासणी झालीच पाहिजे.

तुकडा पुन्हा

'एकदा तुकडा काढला ना, आता परत कशाला?' हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. दुर्बिणीनं तपासलेल्या, सुई टोचलेल्या, नळी घातलेल्या माणसाला पुन्हा त्रास का द्यायचा? कारण रोग रूप बदलतो. वर्षं-दोन वर्षं हार्मोन तोडलेल्या अवस्थेत राहिलेल्या काही गाठी हार्मोनवरचं अवलंबनच सोडून देतात, पीएसए बनवणंही सोडतात आणि लहान-काळ्या, घट्ट चिकटलेल्या पेशींच्या स्मॉल सेल रूपात जातात. तीन वर्षांपूर्वीच्या तुकड्यातलं ग्लिसन ९ (पेशी किती बिघडल्यात याची श्रेणी, जास्तीत जास्त १०) आजच्या यकृतातल्या गाठीबद्दल काही सांगत नाही.

तुकडा कुठून घ्यायचा? जी गाठ नवी आहे, वेगानं वाढतेय, आणि मऊ आहे तिथून. यकृत किंवा लिम्फची गाठ मिळाली तर हाडाच्या मागे लागू नका. हाडाचाच घ्यावा लागला तर एक बारकावा लक्षात ठेवा. हाड मऊ करायला लॅबमध्ये आम्ही ते ॲसिडमध्ये ठेवतो आणि त्यात पेशींचं डीएनए खराब होतं. पुढे जीनची तपासणी करायची असेल तर ती फसते. ईडीटीएमध्ये मऊ केलं तर वेळ जास्त लागतो, डीएनए टिकतं. फॉर्मवर 'जीन तपासणी करायची आहे, ईडीटीए वापरा' एवढी एक ओळ लिहून घ्या.

फॉर्मचाच विषय निघाला म्हणून सांगतो. माझ्याकडे बाटली येते, तिच्यावर चिकटपट्टीवर नाव, खाली 'लिव्हर बायोप्सी'. फॉर्मवर वय, लिंग, शिक्का. माणसाला प्रोस्टेट कॅन्सर आहे, गेलं वर्षभर अबिराटेरोन ही हार्मोन तोडणारी गोळी चालू आहे, पीएसए २ आहे, यातलं काहीच नाही. मग मी यकृतातली स्मॉल सेल गाठ बघून फुप्फुस शोधायला सांगतो. त्यात भर म्हणजे टीटीएफ-१ नावाची खूण, जी आम्ही फुप्फुसाची मानतो, ती प्रोस्टेटच्या स्मॉल सेलमध्येही उमटू शकते. दोन ओळींचा इतिहास लिहिला तर दोन आठवडे वाचतात. डॉक्टर घाईत असतील तर तुम्ही लिहा, ते सही करतील.

रिपोर्टमध्ये काय शोधायचं? नेहमीच्या प्रोस्टेट पेशींत पीएसए आणि एनकेएक्स३.१ या खुणा उमटतात. स्मॉल सेलमध्ये त्या पुसट होतात आणि सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६ किंवा आयएनएसएम१ उमटतात, की-६७, म्हणजे पेशी वाढण्याच्या वेगाचा आकडा, खूप वर जातो. दोन्ही मिसळलेलंही असतं, आणि मिश्रण असेल तर तसं स्पष्ट लिहून मागा, कारण उपचार बदलतो. डक्टल प्रकार पीएसए कमी ठेवून पसरतो. इंट्राडक्टल असा शब्द दिसला तर बीआरसीए२ या जीनमधल्या बिघाडाची शंका वाढते. सार्कोमॅटॉइड, स्क्वॅमस, मूत्राशयाच्या अस्तरातून आलेला युरोथेलियल हे विरळ, पण यांत पीएसए जवळपास निरुपयोगी असतो.

मेणाचा ब्लॉक (ज्यात तुकडा जपलेला असतो) आणि स्लाइड लॅबकडे असतात. अर्ज देऊन मागता येतात. दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटा मेमोरियलला जायचं असेल तर माणूस नेण्याआधी ब्लॉक नेणं स्वस्त पडतं. उन्हाळ्यात मात्र गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, मेण वितळतं.

स्कॅन कोणता आणि कधी

पीएसएमए पेट स्कॅनचं, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं पीएसएमए हे प्रथिन शोधणाऱ्या स्कॅनचं, हल्ली फार कौतुक आहे आणि ते योग्यही आहे. पण आडवळणी केसमध्ये तोच फसवतो. रूप बदललेल्या पेशी पीएसएमए दाखवणं सोडतात, स्कॅन स्वच्छ येतो आणि यकृतात गाठ असते. पीएसए कमी आणि माणूस खालावतोय, असं असेल तर एफडीजी पेट, म्हणजे इतर कॅन्सरसाठी करतात तो साखरेचा स्कॅन, सोबत करावा. एखादी गाठ एफडीजीवर पेटलेली आणि पीएसएमएवर थंड असेल तर तुकडा तिथूनच घ्यायचा. उलट पीएसएमएवर बरगडीत एकटाच फिकट डाग दिसला तर घाबरू नका, बरेचदा तो काहीच नसतो. जुनं फ्रॅक्चर, टीबी, पॅजेटचा रोग यांतही पीएसएमए चमकतो.

उपचार सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत केलेला हाडांचा स्कॅन कधीकधी आधीपेक्षा वाईट दिसतो. हाड भरून येताना जास्त औषध ओढतं म्हणून. दुखणं कमी आहे, पीएसए उतरतोय, तर औषध बदलू नका. पुढच्या स्कॅनमध्ये आणखी नवे डाग येतात का ते बघा. केमो सुरू झाल्यावर पहिल्या बारा आठवड्यांत पीएसए थोडा वर जाऊन उतरणंही असतंच.

जीन, आणि मग घरातले सगळे

पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या ६९२ पुरुषांच्या २०१६ सालच्या, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ११.८ टक्क्यांत डीएनए दुरुस्त करणाऱ्या जीनमध्ये जन्मजात बिघाड सापडला, सर्वाधिक बीआरसीए२ मध्ये. म्हणून पसरलेल्या रोगात ही तपासणी सुचवली जाते. वय पन्नासच्या आत असेल, घरात स्तन, बीजकोश किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर असेल, तर मागे लागून करून घ्या. रक्तातून जन्मजात बिघाड कळतो, तुकड्यातून गाठीत नंतर झालेला. दोन्ही वेगळ्या तपासण्या आहेत.

जन्मजात निघाला तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे 'पुरुषाचा रोग' म्हणून लग्न होऊन गेलेल्या मुलीला कोणी सांगत नाही. बीआरसीएमध्ये स्तनाचा आणि बीजकोशाचा धोका तिचाच जास्त असतो. तिला फोन करा.

उपचार: कोणाला काय

शुद्ध स्मॉल सेल असेल तर फुप्फुसाच्या स्मॉल सेलसारखी केमो: सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आणि सोबत इटोपोसाइड, दर तीन आठवड्यांनी, साधारण चार ते सहा वेळा. क्रिएटिनिन बरं नसेल तर सिसप्लॅटिन टाळतात. उत्तर पटकन मिळतं, पण टिकतं थोडं, हे पहिल्याच भेटीत मोकळेपणानं विचारून घ्यावं. मिश्र रूप असेल तर हार्मोन तोडणारा उपचार थांबवायचा नाही, दोन्ही चालू ठेवायचे.

तुकड्यात स्मॉल सेल नाही पण वागणं वर दिलेल्या यादीतलं, अशांसाठी टॅक्सेन या गटातल्या केमोच्या औषधासोबत कार्बोप्लॅटिन. त्याच गटातल्या कॅबाझिटॅक्सेलला कार्बोप्लॅटिन जोडल्यावर रोग रोखून धरण्याचा मधला काळ ४.५ वरून ७.३ महिन्यांवर गेल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, आणि फायदा मुख्यतः आक्रमक प्रकारातच होता. म्हणजे सगळ्यांना ही जोडी देण्यात अर्थ नाही.

बीआरसीए बिघाड असेल तर अबिराटेरोन किंवा एन्झालुटामाइड ही हार्मोनवरची गोळी चालेनाशी झाल्यावर ओलापॅरिब. हिमोग्लोबिन पडतं, पहिले महिने रक्त वरचेवर तपासावं लागतं. जीन तपासणीत एमएसआय-हाय (गाठीच्या डीएनएमधल्या चुका दुरुस्त न होता साचल्याची खूण) असा शेरा आला तर पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध. असे पेशंट फार थोडे, पण ज्याला लागू पडतं त्याला दीर्घकाळ पडतं. ल्युटेशियम-पीएसएमए या किरणोत्सारी इंजेक्शनचे डोस सहा आठवड्यांच्या अंतरानं, जास्तीत जास्त सहा. सगळ्या गाठी पीएसएमएवर पेटत असतील तरच. थंड गाठी असलेल्या माणसाला ते देणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही पाण्यात.

अबिराटेरोनवरून एन्झालुटामाइडवर किंवा उलट, अशी गोळीवरून गोळीवर उडी आपल्याकडे फार मारली जाते, कारण केमोची भीती. दुसऱ्या गोळीचा उपयोग बहुधा थोडाच होतो. आडवळणी रोगात तेवढा वेळ नसतो. बायकॅलुटामाइड चालू असताना पीएसए चढत असेल तर मात्र ते नुसतं बंद करून चार ते सहा आठवडे बघावं; काहींत त्यानंच पीएसए उतरतो, फुकटात.

अबिराटेरोन १००० मिलिग्रॅम उपाशीपोटी घ्यायचं: आधी दोन तास आणि नंतर एक तास पोटात काही नाही. जेवणासोबत घेतलं तर रक्तातलं प्रमाण अनेक पटींनी वाढतं. २५० मिलिग्रॅम नाश्त्यासोबत देण्याची पद्धतही आहे, खर्च चौथाई होतो, पण ती डॉक्टरांनी ठरवायची. सोबतचं प्रेडनिसोलोन स्वतःच्या मनानं सोडू नका. बीपी आणि पोटॅशियम सुरुवातीपासून नियमित तपासा.

हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड द्यायच्या आधी दातांचा डॉक्टर. इथे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, आडवा येतो. वर्षानुवर्षं खर्रा चघळलेलं तोंड दोन बोटंही उघडत नाही, हिरड्या सडलेल्या, दाढा हलणाऱ्या. हे इंजेक्शन चालू असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड उघडं पडून कुजू शकतं. काढायचे दात आधी काढा, जखम भरू द्या, मग इंजेक्शन. क्रिएटिनिन दर वेळी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सोबत.

नागपुरात कुठे, कसं

कॅन्सरसाठी जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मानेवाडा रोडचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), आणि मिहानमधलं एम्स. आडवळणी केस एकट्या डॉक्टरच्या खोलीत सुटत नाही. युरोलॉजिस्ट, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतात त्या ट्यूमर बोर्डात केस ठेवा, अशी स्पष्ट मागणी करा. मागितल्याशिवाय काही ठिकाणी ती होत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, केमो ठरल्यावर नव्हे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. कोणती तपासणी योजनेत बसते आणि कोणती खिशातून, हे लिहून घ्या. पेट स्कॅन आणि जीन तपासणीचा प्रश्न आधी विचारा.

पुढची मोजपट्टी

पीएसए न बनवणाऱ्या रोगात दर महिन्याला पीएसए करून समाधान मानू नका. एलडीएच, आधी वाढलेला असेल तर सीईए, हिमोग्लोबिन, वजन, आणि दोन-तीन केमोनंतर सीटी. सर्वांत स्वस्त मोजपट्टी घरात असते: काकाजी दिवसातला किती वेळ अंथरुणाबाहेर असतात? अर्ध्याहून जास्त दिवस अंथरुणात जात असेल तर पुढची केमो देण्याआधी डॉक्टरांशी पुन्हा बसावं लागतं. वेदना असतील तर पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या विभागाची भेट पहिल्या केमोसोबतच घ्या. मॉर्फिन म्हणजे शेवट असं नाही. दुखणं आटोक्यात असलेला माणूस जेवतो, झोपतो आणि केमोही जास्त सोसतो. ते चालू केलं की त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषधही लिहून घ्यायचं.